श्रावणात आमच्याकडे मासे नसतात, डॉक्टर

सगळ्यात आधी सांगून टाकते, मी बरी झाले. ठणठणीत! आजारपणाचं काही वाचायला घेतलं की मी आधी शेवटचं पान उघडते, माणूस वाचलं का ते बघते, आणि मग निवांत पहिल्यापासून सुरुवात करते. तुमचीही तीच खोड असेल तर तुमची सोय झाली.

लिहायला बसले ती माझ्यासारख्या पोरापोरींसाठी. आमच्या कळंबोलीत आता दर दोन सेक्टरला एक जिम निघालीये आणि तिथली मुलं अंगावर मांस चढावं म्हणून पावडरी, अंडी, डबे, काय हाताला लागेल ते पोटात ढकलतायत. त्यांना भाषण देणार नाही. मला त्या वयात कोणी दिलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. फक्त माझं काय झालं ते सांगते. आणि सांगताना मला भयंकर मजा येते हेही कबूल करते, कारण असला आजार आमच्या अख्ख्या तालुक्यात दुसऱ्या कोणाला झाल्याचं ऐकिवात नाही.

दम

नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं. मी शुभांगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, पण ते नावाला. खरी मी कबड्डीला. आम्ही मूळचे मालवणकडचे. बाबा तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून लागले, आणि आम्ही कळंबोलीत सिडकोच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. सराव मात्र कामोठे गावातल्या मैदानावर. तिथे नाना होते, आमचे कोच. गावातलेच, स्वतः जुने खेळाडू, आणि एका गुडघ्याला कायम पट्टा बांधलेला.

कबड्डी ज्यांनी खेळली नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. पलीकडच्या अंगणात चढाईला गेलं की परत येईपर्यंत एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहावं लागतं, आणि ते पंचाला स्वच्छ ऐकू यावं लागतं. याला म्हणतात दम. दम तुटला किंवा शब्द नीट ऐकू आला नाही तर खेळ खलास, मग तुमचे पाय कितीही चपळ असोत. माझे पाय बरे होते, पण दम! माझा दम सगळ्या जिल्ह्यात ठाऊक होता. कामोठ्यात चढाई केली तर कळंबोलीत आईला कळतं, असं नाना सगळ्यांना सांगत सुटायचे.

माझी अडचण वजनाची. चढाईत मी कोणाच्या हाती लागायचे नाही, पण लागले की संपलंच. समोरच्या मुली मला दोन्ही बाजूंनी धरून अलगद उचलायच्या आणि बाहेर ठेवायच्या. आदल्या वर्षी जिल्ह्याच्या संघात माझं नाव यायचं राहिलं ते ह्याच्यामुळे. नाना म्हणाले, "पोरी, तुज्या अंगान मांस नाय. दम कोनाला दाखवतं? आधी पोटिन खा, पोटिन!"

प्रोटीन हा शब्द आमच्या घरात आला तो असा.

डबा

आईचा धाकटा भाऊ, आमचा दिनूमामा, उरणकडे नोकरीला होता. बंदरावर येणाऱ्या जहाजांना शिधा पुरवणारी एक कंपनी होती, तिच्या गोडाऊनवर. तारीख जवळ आलेला माल जहाजवाले घेत नाहीत, मग तो स्टाफमध्ये वाटला जायचा. मामा एका रविवारी खोकंच घेऊन आला. आत चपटे गोल डबे. ट्यूना!

"ताई, गोरे खलाशी हेच खातात," मामा आईला म्हणाला. "नुसतं प्रोटीन आहे. तेल नाय, मसाला नाय. पोरगी बघ कशी घोडी होते ती."

आईला 'घोडी' हा शब्द आवडला नाही, पण डबे तिने ठेवून घेतले.

आणि मी सुरू झाले. काय सुख होतं ते! रांधायचं नाही, साफ करायचं नाही, काटे नाहीत. डबा उघडा, पाणी काढून टाका, वर लिंबू पिळा, चमच्याने खा. सरावाआधी एक, सरावानंतर एक. सामना असला की तिसरा. पोह्यांत घालून खाल्ला, चपातीत गुंडाळून खाल्ला. मामाची खोकी येत राहिली. आणि खोटं कशाला बोलू, अंग भरलं! दंड भरले, मांड्या भरल्या. मकर संक्रांतीनंतरच्या एका सामन्यात दोघींनी मला धरलं, आणि मी त्या दोघींना ओढत मध्यरेषेपर्यंत आले. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी! नाना पट्टा बांधलेल्या पायावर नाचले. त्या दिवशी मी घरी जाऊन हौसेने आणखी एक डबा फोडला.

आता घोळ कुठे आहे तो बघा. आमच्या मालवणी घरात 'मासे' म्हणजे काय हे ठरलेलं आहे. मासे म्हणजे बुधवार, शुक्रवार, रविवार. मासे म्हणजे आईने बाजारात कल्ला उघडून बघितलेले, घासाघीस करून आणलेले, तिरफळं घालून कढी झालेले, आणि जेवल्यावर भांडी दोनदा घासायला लावणारे. डब्याला यातलं काहीच लागू नव्हतं. त्यामुळे डबा सोमवारीही चालायचा, संकष्टीलाही चालायचा. श्रावण लागला तेव्हा आई जराशी अडखळली. मी म्हटलं, "आई, हे मासे नाहीत. हे माझं प्रोटीन आहे, औषधच म्हण ना." आईने विचार केला, गॅलरीत पेपर अंथरला, एक वेगळी ताटली काढून दिली, आणि देवाकडे पाठ करून बस म्हणाली.

ओठाला मुंग्या

सुरुवात श्रावणाच्या बरीच आधी, ओठांपासून झाली. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर ओठ कसा बधिर होतो आणि मग मुंग्या येतात, तसं कायम राहायला लागलं. मग बोटांची टोकं. कुडत्याची बटणं लागेनात. झोप उडाली. मी बारीकसारीक गोष्टीवरून आईवर खेकसायला लागले, आणि खेकसून झाल्यावर कशावरून खेकसले तेच आठवायचं नाही.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी जीभ बघितली, डोळे बघितले, म्हणाले, "अशक्तपणा आहे. परीक्षेचं टेन्शन. भरपूर खा." मी आज्ञाधारक मुलगी. तिसरा डबा रोजचा केला!

मग तो सामना. पनवेलला होता. मी चढाईला गेले, दम सुरू केला, आणि पंचाने शिट्टी मारली. मला वाटलं रेषेवर पाय पडला असेल. पंच जवळ आले आणि म्हणाले, "शब्द नीट म्हणा." मी पुन्हा गेले. पुन्हा शिट्टी, आणि गुण समोरच्या संघाला. मला काही कळेना. मी तर कबड्डीच म्हणत होते! बाहेर आल्यावर नानांनी माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

"पोरी, म्हन बगू माज्यासमोर."

मी म्हटलं.

नानांचा चेहरा उतरला. "तुजं 'कबई कबई' आयकू येतंय," ते हळूच म्हणाले. "तुला आयकू येत नाय काय?"

मला येत नव्हतं. माझ्या कानाला ते बरोबरच वाटत होतं. मी तेव्हा पहिल्यांदा घाबरले. पाय मोडला असता तर इतकी घाबरले नसते. पाय मोडलेल्या मुली परत खेळायला आलेल्या मी पाहिल्या होत्या. शब्द हरवलेली मुलगी कोणी पाहिली नव्हती.

निदानाचा दिवस

त्याच आठवड्यात मी जिन्यावरून पडले, आणि बाबांनी रजा टाकून मला वाशीच्या एका हॉस्पिटलात नेलं. तिथे डॉक्टर प्रधान भेटले. उंच, घाईत चालणारे, शर्टाच्या खिशात तीन पेनं. त्यांनी मला डोळे मिटून बोट नाकाला लावायला सांगितलं. बोट गालाला लागलं. मग म्हणाले, फरशीच्या रेषेवरून सरळ चालून दाखवा. मला हसूच आलं. रेषेवरून चालण्यात माझा हात कोण धरणार! चौथ्या पावलाला मी टेबलावर आदळले.

त्यांनी मला ठेवून घेतलं. डोक्याचे फोटो झाले, रक्ताच्या तपासण्या झाल्या. बाबांना विचारलं, "काय काम करता?" बाबांनी कंपनीचं सांगितलं. त्यावर डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि आणखी एक रक्ताची तपासणी लिहिली, तिचा नमुना मुंबईला पाठवावा लागला.

रिपोर्ट आला त्या दुपारी ते माझ्या खाटेपाशी आले तेव्हा मला त्यांच्या चालण्यावरूनच कळलं की काहीतरी सापडलंय. "रक्तात पारा आहे," ते म्हणाले. "नको इतका."

आई दचकून म्हणाली, "ताप मोजायच्या काडीतला? तो हिच्या अंगात कसा गेला? हिला तर तापच नव्हता!"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. घरात काही सांडलं होतं का, जवळपास कारखाना आहे का, विहिरीचं पाणी पिता का. मग म्हणाले, "मासे किती खाता?"

शेजारच्या खाटेवर नेरूळच्या एक आजी होत्या, जपाची माळ ओढत असायच्या. त्यांचे कान आमच्याकडे लागलेले. आईने पदर सारखा केला, ताठ बसली आणि म्हणाली, "श्रावणात आमच्याकडे मासे नसतात, डॉक्टर."

"आणि एरवी?"

"एरवी बुध, शुक्र, रवि. तेही बोंबील, मांदेली, सौंदाळे. कधीमधी पापलेट."

"आणि तू?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"तेच," मी म्हटलं. देवाशपथ सांगते, त्या क्षणी माझ्या डोक्यात डबा आलासुद्धा नाही.

डॉक्टरांनी पेन खिशात टाकलं, आणि सगळ्यांच्या नजरा बाबांकडे वळल्या.

बाबांचा युनिफॉर्म

हे लिहिताना मात्र माझा आवाज खाली येतो.

बाबांना कोणी काही बोललं नाही. बोलायची गरजच पडली नाही. तळोज्याची कंपनी, पिंप, वाफा, आणि घरी येणारा तो निळा युनिफॉर्म. आई तो माझ्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजवायची. बाबांनी सगळा हिशोब मनात मांडून टाकला. दुसऱ्या दिवसापासून ते युनिफॉर्म कंपनीतच धुवायला लागले. आंघोळही तिथेच उरकायची, मगच घराचा उंबरा. आणि हॉस्पिटलात आले की वॉर्डच्या दारात उभे राहायचे. आत यायचेच नाहीत.

"आत या ना," आई म्हणायची.

"इथून दिसतंय मला," ते म्हणायचे. एकदा मला म्हणाले, "शुभे, मी लांबच बरा गं."

त्यांची स्वतःची तपासणी झाली. त्यात काही निघालं नाही. कंपनीतल्या साहेबांनी पारा त्यांच्याकडे वापरलाच जात नाही म्हणून सांगितलं. बाबांचा विश्वास बसला नाही. माझ्याच लेकीचा शब्द मी घालवला, असं ते आईला म्हणाल्याचं आईने मला फार नंतर सांगितलं. माणूस आजारी पडतं तेव्हा घरातलं दुसरं एक माणूस मुकाट्याने त्याच्याहून जास्त आजारी पडतं. तुमच्या घरात असं कोणी दारात उभं राहत असेल तर त्याच्याकडे लक्ष ठेवा.

वॉर्ड

हॉस्पिटलात दिवस कसा जातो ते आजारी न पडलेल्यांना कळायचं नाही. सकाळी चहाची गाडी, मग फरशी पुसणारी बाई, मग राउंड, मग पुन्हा काही नाही ते थेट जेवणाच्या ताटापर्यंत. पडवळ, पातळ वरण, आणि एक केळं. माझा जीव कासावीस व्हायचा. मैदानावर मुलींचा सराव चालू असेल, नाना ओरडत असतील, आणि मी इथे पंखा मोजत पडलेली.

नेरूळच्या आजींनी मला वाचवलं. त्यांना माझी कहाणी कळली तशी त्यांनी जपाची माळ उशाखाली ठेवली आणि म्हणाल्या, "काय म्हणता येत नाही तुला? म्हण माझ्यामागून, काळे राळे गोरे राळे." मी म्हटलं आणि ते असं काही बाहेर आलं की आजी पदर तोंडाला लावून हसल्या. मग मीही हसले, मग समोरच्या खाटेवरची बाईही. रोज दुपारी आमचा हा उद्योग. सगळा वॉर्ड राळ्यात राळे मिसळायचा आणि सिस्टर येऊन ओरडायची. मी सुधारत नव्हते. पण हसत होते, आणि हसताना तोंडातल्या मुंग्यांचा विसर पडायचा.

आईची पिशवी

डॉक्टर प्रधान मात्र बेचैन होते. बापाच्या रक्तात नाही, आईच्या रक्तात नाही, एकटीच्या अंगात पारा आला कुठून? एका सकाळी ते आईला म्हणाले, "कुठल्या वैद्याचं औषध, भस्म, मात्रा, चूर्ण असं काही देत होतात का? काही भस्मांत पारा असतो. घरात हिचं जे जे औषध असेल ते सगळं उद्या घेऊन या. काही म्हणजे काही सोडू नका."

माझी आई सांगितलेलं काम अर्धवट करणारी नाही. दुसऱ्या दिवशी ती बाजाराची मोठी पिशवी घेऊन आली आणि खाटेवर एकेक वस्तू मांडायला लागली. लोहाच्या गोळ्या. कॅल्शियम. अश्वगंधा चूर्ण. बेलफळाचा मुरांबा. आमच्या डॉक्टरांचं लाल टॉनिक. आणि सगळ्यात शेवटी, पदराने नीट पुसून, चार डबे.

डॉक्टरांनी चूर्णाची बाटली हातात घेतलेली होती. ती तशीच राहिली.

"हे काय?"

"हे तिचं प्रोटीन," आई म्हणाली. "माझा भाऊ आणून देतो. दिवसाला तीन."

"दिवसाला तीन चमचे?"

"तीन डबे."

"कधीपासून?"

"गेल्या दिवाळीनंतर लागलं बघा."

डॉक्टरांनी डबा उचलला, लेबल वाचलं, उलटा करून वाचलं, आणि ते असे ओरडले की सिस्टर धावत आली. "अहो बाई, हा मासा आहे! मासा! मी तुम्हाला मासे विचारले होते ना?"

आईने आधी नेरूळच्या आजींकडे बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "हळू बोला डॉक्टर. श्रावण आहे."

मला आतून काय झालं सांगू! हसू, रडू, भीती, सगळं एकदम! डॉक्टर खुर्ची ओढून बसले, त्यांचा चेहरा परीक्षेत पहिला आलेल्या मुलाचा झाला होता. ते भराभर सांगत सुटले. समुद्रात थोडा पारा असतोच. तो बारीक जिवांत जातो, त्यांना छोटे मासे खातात, छोट्यांना मोठे, मोठ्यांना त्याहून मोठे. जितका मासा मोठा आणि जितका जास्त जगलेला, तितका त्याच्या मांसात पारा साठतो. हा ट्यूना त्यातल्या मोठ्यांपैकी. कधीतरी एखादा डबा खाल्ला तर काही होत नाही. पण ही पोरगी केवढीशी, आणि रोज तीन, महिनोन् महिने! अंगातून जितका बाहेर जायचा त्याहून जास्त आत येत राहिला आणि जाऊन बसला तो नसांवर.

"म्हणजे डबे शिळे होते म्हणून नाही?" आईने विचारलं. तिचा संशय पहिल्यापासून भावाच्या त्या तारखांवर होता.

"ताजे असते तरी हेच झालं असतं."

आईने तेव्हा पहिल्यांदा डब्यावरचं चित्र नीट डोळ्यांजवळ धरलं. फुगीर अंग, चंद्रकोरीसारखी शेपटी. "अगो बाय माझे," ती म्हणाली, "हा तर कुपा!" आणि तिला खरा धक्का तिथे बसला. "जन्मात मी कुप्यासारख्या हलक्या माशाला हात लावला नाही. आमच्या घरात कुपा येत नाही म्हणून कोळणींना ऐकवलं. आणि माझी पोरगी वर्षभर बसून कुपा खात होती!"

मग एकदम तिला काहीतरी आठवलं. ती उठली, वळली, आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात दाराकडे बघून ओरडली, "अहो! आत या! तुमचं काही नाही यात! कुपा होता तो, कुपा!"

बाबा दारातच होते, नेहमीसारखे. त्यांना कुपा म्हणजे काय चाललंय ते काही कळलं नसणार. पण 'तुमचं काही नाही' एवढं कळलं. ते आत आले, माझ्या खाटेवर बसले, आणि त्यांनी माझा पाय धरला. दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते माझ्याजवळ बसले होते आणि मला हुंदका आवरेना.

वाट बघणं

उपचार म्हणाल तर फार नाट्यमय काही नाही. डॉक्टर प्रधानांनी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांशी बोलून घेतलं. पारा ओढून काढायची औषधं असतात, पण माझ्यासारखीला त्याने कितपत फायदा होईल यावर त्यांच्यात एकमत होईना. ठरलं असं की डबा बंद करायचा, रक्त तपासत राहायचं आणि वाट बघायची. शरीर हळूहळू बाहेर टाकतं. पूर्ण बरी होईन का, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बहुतेक. वेळेत सापडलं म्हणून." त्यांनी 'नक्की' म्हटलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची आजन्म आभारी आहे. खोटा धीर मला चालत नाही. हेही ते म्हणाले की पोटात बाळ असलेल्या बाईला आणि लहान मुलांना याचा धोका कितीतरी जास्त, म्हणून हे मुद्दाम इथे लिहून ठेवते.

घरी आल्यावर खरी कसोटी लागली. ओठ हळूहळू मोकळे झाले, पण जीभ जड ती जडच. त्या वर्षीची जिल्ह्याची निवड माझ्याशिवाय झाली. मी त्या दिवशी मैदानावर गेले नाही. गॅलरीत बसून वाल सोलले आणि रडले.

आईने दिनूमामाशी बोलणं टाकलं होतं. मामा बिचारा दोनदा येऊन जिन्यावरूनच परत गेला. भाऊबीजेला मात्र ती सकाळपासून दाराकडे बघत होती. मामा आला, पाटावर खाली मान घालून बसला. आईने निरांजन ओवाळलं, आणि मग ताट तसंच हातात धरून म्हणाली, "ओवाळणीत डबा नाही ना आणलास?"

मामा रडायला लागला. आईही लागली. मग आम्ही सगळेच हसलो. जेवायला बांगड्याचं तिखलं होतं, कारण डॉक्टरांनी मासे सोडायला सांगितलेच नव्हते. छोटे, ताजे, आणि बेताने, एवढंच. मासे सोडावे लागले असते तर आईने डॉक्टर बदलला असता.

तपासणीला गेले की डॉक्टर प्रधान दर खेपेला रक्ताचा कागद बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, "हं, चढाई करा." मी उभी राहून एका श्वासात कबड्डी म्हणायचे आणि ते डोळे बारीक करून ऐकायचे. बाहेर बसलेल्या पेशंटांना काय वाटत असेल देव जाणे. पहिल्या खेपेला ते म्हणाले, "ड कुठे गेला?" नंतर म्हणाले, "एक ड आला." आणि होळीच्या सुमारास एकदा त्यांनी नुसताच हात वर केला, पुरे म्हणून. मी थांबलेच नाही. मला थांबवतच नव्हतं!

जत्रा

चैत्रात कामोठ्याला गावदेवीची जत्रा असते आणि जत्रेत सामने. नानांनी मला उतरवलं. वजन पुन्हा उतरलं होतं, पाय अजून अधूनमधून दगा द्यायचे. नाना म्हणाले, "हरलीस तरी चालंल. मना फकस्त आयकायचं हाय."

पंच पनवेलचेच होते, तेच, शिट्टी मारणारे. आई नानांच्या बायकोजवळ बसली होती. आणि बाबा आले होते. शिफ्टमुळे त्यांनी माझा एकही सामना बघितलेला नव्हता. त्या दिवशी शिफ्ट बदलून, निळा युनिफॉर्म अंगावरच, ते सरळ कंपनीतून मैदानावर आले आणि दोरीला अगदी लागून बसले.

माझी चढाई आली. मध्यरेषेला हात लावला, छाती भरून श्वास घेतला आणि घुसले. कबड्डी, कबड्डी, कबड्डी! एक डोळा समोरच्या मुलींवर आणि दोन्ही कान पंचाकडे. शिट्टी येईल, आता येईल, आता येईल. कोपऱ्यातली मुलगी अंगावर आली, मी वळले, बोट कुठेतरी लागलं, उडी मारून परत आले, आणि शिट्टी आली नव्हती. पंचांनी बोट वर केलं, गुण आम्हाला. नाना पट्ट्याच्या पायावर पुन्हा नाचत होते आणि मैदानभर आरडाओरडा चालला होता.

सामना संपल्यावर मी धावत बाबांकडे गेले. त्यांचे डोळे ओले होते आणि ते अजून बसलेलेच होते.

"बघितलंत बाबा? बघितलंत ना?"

"नाही गं," ते म्हणाले. "मी डोळे मिटून ऐकत होतो. आउट कोण झालं?"